नेटवर्क सापडलं की दिवा सावकाश लुकलुकतो

शिवणयंत्राच्या झाकणावर मांडलं होतं सगळं:
म्हापशाहून आणलेलं जीएसएम मॉड्यूल, काडेपेटीहून लहान,
अंतर मोजणारा दोन डोळ्यांचा सेन्सर,
आणि एक जाडा कपॅसिटर, कारण
मेसेज पाठवताना हा एवढासा जीव
एकदम इतकी वीज ओढतो
की स्वतःच बेशुद्ध पडतो.
हे मला तिसऱ्या रात्री कळलं.
आई म्हणाली, भाताला राळेचा वास लागतोय.

चोडणच्या खाजनात आमची मानस आहे.
शाळेत मराठीच्या बाईंना मी सांगितलं होतं,
आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे, बांधातलं दार,
खारं पाणी शेतात शिरू न देणारं.
बाई म्हणाल्या, मग फरक काय?

ती मानस कुष्टामाम सांभाळतो.
एक कान गेलेला, गुडघे वाजणारे,
तरी भरतीला मध्यरात्रीही टॉर्च घेऊन निघतो.
मला वाटलं, पाणी खुणेला लागलं
की त्याचा फोनच वाजू दे.

इंग्रजीत पाठवणं सोपं होतं.
पण कुष्टामाम मराठी चौथी.
म्हणून एकेका अक्षराचा आकडा शोधला.
भ ०९२डी, र ०९३०, त ०९२४,
आणि वेलांटीला वेगळा, ०९४०,
जणू ती भाड्याने राहते.
देवनागरीत एका मेसेजात सत्तरच मावतात.
मला वीस पुरली:
भरती आली. फळ्या घाल.

आइस्क्रीमच्या डब्यात सगळं बसवलं,
कडांना एमसील, वर तळहाताएवढं सोलर,
आणि मानशीच्या खांबाला बांधलं.
तांबडा दिवा घाईघाईने लुकलुकत राहिला,
शोधतोय, शोधतोय,
मग एकदम संथ.

मेसेज येतात ना, मामा?
येतात गो, येतात.
सहा महिने हेच.

मग एका कुर्लीने वायर कुरतडली.
डबा घरी आणला, सांधला, चालू केला,
तर सिममध्ये तीन मेसेज पडलेले,
अनोळखी नंबरावरून:

आज भरती नाही?
दोन दिवस झाले. सगळं बरं ना?
फळ्या घातल्या का कोणी?

मी कोड उघडला.
तिनाच्या जागी आठ.
सहा महिने.

फोन सुलक्षा गांवस यांनी घेतला. केरी, सत्तरी.
आमच्याकडे कसला समुद्र हो,
रान, आणि धरणाचं गोडं पाणी.
पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय.
मग लक्षात आलं, हा रोज पाऊण तास उशिरा येतो
आणि कधी चुकत नाही.
ह्यांची डावी बाजू गेलीय. रात्री कूस बदलावी लागते,
नाहीतर पाठीला जखमा होतात.
मेसेज आला की मी बदलायची.
कुठेतरी कुणीतरी फळ्या घालायला उठलंय,
एवढं कळलं तरी
हात हलके होतात.

मी काय बोलले आठवत नाही.
बहुतेक, सॉरी.

कुष्टामामला विचारलं, एकदाही आला नव्हता ना?
तो जाळ्यातली सुंगटं निवडत होता.
तू बोट भाजून घेतलं होतंस, तो म्हणाला.
ते पाहिलं मी.
आणि भरती काय, ती गुडघ्यात येते माझ्या,
तुझ्या डब्याच्या आधी.

आता कोडमध्ये दोन नंबर आहेत.
चुकीचा पहिला, तिथे कुणी वाट पाहतं.
बरोबर दुसरा.
तो तसाही जागाच असतो.